‘झेरॉक्स’ हा शब्द आला कुठून? ‘कोरडी नक्कल’ शोधणाऱ्या चेस्टर कार्लसन यांची कहाणी

जातीचा दाखला काढायचा असो, वनहक्काचा दावा दाखल करायचा असो किंवा बँकेत खाते उघडायचे असो, खिडकीपलीकडून येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो. झेरॉक्स आणली का? डहाणू तालुक्यातील वरोरसारख्या किनाऱ्यावरच्या गावापासून तलासरीच्या पाड्यांपर्यंत हा शब्द कळत नाही असा माणूस सापडणे कठीण. शाळेत न गेलेल्या आजीलाही झेरॉक्स म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. पण हा शब्द मराठी नाही, हिंदी नाही आणि मुळात इंग्रजीही नाही. तो एका कंपनीचे नाव आहे आणि त्यामागे एका न्हाव्याच्या मुलाची गोष्ट आहे. हा मुलगा गरिबीत वाढला, स्वयंपाकघरात प्रयोग करत राहिला, वीसपेक्षा जास्त कंपन्यांचे नकार पचवून अब्जावधी रुपयांचा धनी झाला आणि त्यातला मोठा हिस्सा नाव न सांगता वाटून गेला. चेस्टर कार्लसन हे त्यांचे नाव.

झेरॉक्स म्हणजे नेमके काय?

‘झेरॉक्स’ हा अमेरिकेतील एका कंपनीचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. आपण ज्याला झेरॉक्स म्हणतो, त्याचे खरे सर्वसामान्य नाव ‘फोटोकॉपी’. सरकारी मराठीत त्यासाठी ‘छायाप्रत’ किंवा ‘छायांकित प्रत’ असे शब्द आहेत. अर्जाच्या खाली ‘सोबत छायांकित प्रत जोडावी’ असे छापलेले असते आणि ते वाचून आपण विचारतो, जवळपास झेरॉक्सचे दुकान कुठे आहे?

त्या दुकानात शिरलात तर आतले यंत्र बहुतेक वेळा कॅनन, रिको किंवा क्योसेरा कंपनीचे असते. झेरॉक्स कंपनीचे नसते. तरीही दुकानाच्या पाटीवर ‘झेरॉक्स’च लिहिलेले असते. वनस्पती तुपाला डालडा, बाटलीतल्या पाण्याला बिसलेरी आणि माती उपसणाऱ्या यंत्राला जेसीबी म्हणतो, तसाच हा प्रकार. एका कंपनीचे नाव त्या वस्तूचेच नाव होऊन बसते.

या शब्दाच्या आधी नकलेसाठी आपल्याकडे शब्द नव्हते असे नाही. ‘प्रत’ होती. ‘नक्कल’ होती. नक्कल हा शब्द मूळ अरबी ‘नक़्ल’वरून फारसीच्या वाटेने मराठीत आला. एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे हा त्याचा मूळ अर्थ, त्यावरून एका कागदावरचे दुसऱ्या कागदावर उतरवणे. महसूल आणि नोंदणी कार्यालयांत ‘नक्कल काढणे’ हा शब्दप्रयोग आजही चालतो. फरक एवढाच, की पूर्वी नक्कल काढायची म्हणजे कारकुनाने बसून हाताने लिहायचे. त्यात वेळ जायचा, चुका व्हायच्या आणि कारकुनाची मर्जीही सांभाळावी लागायची.

चेस्टर कार्लसन कोण होते?

चेस्टर फ्लॉइड कार्लसन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १९०६ रोजी अमेरिकेतील सिएटल शहरात झाला. वडील न्हावी होते. पण क्षयरोग आणि मणक्याच्या संधिवाताने त्यांना काम करणे अशक्य झाले. चांगले हवामान आणि स्वस्त जगणे शोधत कुटुंब गावे बदलत राहिले. जमीन मिळेल या आशेने ते मेक्सिकोतही गेले. तिथे आईला हिवताप झाला, हाती काही लागले नाही आणि काही महिन्यांत सगळे परत आले. शेवटी ते कॅलिफोर्नियात स्थिरावले.

घरात कमावणारे कोणी नव्हते. त्यामुळे चेस्टर आठ वर्षांचा असल्यापासून मिळेल ते काम करू लागला. तेरा-चौदाव्या वर्षी शाळेच्या आधी दोन-तीन तास काम, मग शाळा, मग पुन्हा काम असा त्याचा दिवस होता. तो सतरा वर्षांचा असताना आईचाही क्षयाने मृत्यू झाला. पुढे काही काळ बापलेक ज्या एका खोलीत राहिले, ती पूर्वी कोंबड्यांचे खुराडे होती.

या मुलाला छापलेल्या अक्षरांचे वेड होते. लहानपणी त्याच्याकडे रबरी शिक्क्यांचा खेळ होता. दहाव्या वर्षी मावशीने टाइपरायटर भेट दिला. शाळेत असताना तो एका छापखान्यात काम करत होता आणि त्याने एक जुने छपाई यंत्र मिळवले. रसायनशास्त्राची आवड असलेल्या मुलांसाठी त्यावर एक छोटे मासिक काढायचे, असा बेत होता. पण एकेक खिळा जुळवून ओळ करायची, ओळींचे पान करायचे, यात इतका वेळ जाऊ लागला की मासिक फार चालले नाही. मनातले कागदावर आणणे एवढे अवघड का असावे, हा प्रश्न मात्र त्याच्या डोक्यात राहिला.

काम आणि शिक्षण आलटून पालटून करता येईल अशा कॉलेजात त्यांनी आधी प्रवेश घेतला. नंतर ते कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे कॅलटेकमध्ये गेले आणि १९३० मध्ये भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले. डोक्यावर शिक्षणाचे कर्ज होते आणि बाहेर जागतिक महामंदी सुरू झाली होती. त्यांनी ८२ कंपन्यांना अर्ज पाठवले. एकाही ठिकाणी नोकरी मिळाली नाही.

नकलेची गरज त्यांना कुठे भासली?

अखेर न्यूयॉर्कच्या बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये काम मिळाले. प्रयोगशाळेतल्या कामात मन रमेना म्हणून ते तिथल्या पेटंट विभागात गेले. १९३३ मध्ये ही नोकरीही गेली. पुढे पी. आर. मॅलरी या विद्युत उपकरणांच्या कंपनीत पेटंट विभागातच त्यांना जागा मिळाली.

पेटंटचे काम म्हणजे कागदांचे काम. एखाद्या शोधाचे पानेच्या पाने वर्णन, आकृत्या आणि त्या सगळ्याच्या अनेक प्रती. प्रत काढायचे मार्ग त्या काळी मोजके होते. टायपिस्टने पुन्हा टाइप करायचे आणि मग मूळ मजकुराशी ताडून पाहायचे. टाइप करतानाच कार्बन पेपर घालायचा. स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइल करायचे. आकृती असेल तर मोठ्या कॅमेऱ्याने फोटोस्टॅट काढायचा, जो महागडा होता आणि रसायनात भिजवून वाळवावा लागायचा.

त्यातच कार्लसन यांनी रात्रीच्या वर्गात कायद्याचे शिक्षण सुरू केले. पुस्तके विकत घेण्याइतके पैसे नव्हते. म्हणून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयात बसून ते कायद्याची जाडजूड पुस्तके हाताने उतरवून घेत. डोळे आधीच अधू होते. वडिलांसारखाच संधिवात त्यांनाही सुरू झाला होता. तासन् तास लिहून हात आखडायचा. कोणत्याही कागदाची हवी तेव्हा, झटपट आणि स्वस्त प्रत काढता यायला हवी, ही गरज त्यांना स्वतःच्या बोटांच्या वेदनेतून कळली.

इतरांच्या पद्धतीत अडचण काय होती?

हे समजण्यासाठी डहाणूच्या किनारपट्टीवरचाच दाखला घेता येईल. इथल्या गावांत दागिन्यांचे ‘डाय’ बनवण्याचा जुना व्यवसाय आहे. कारागीर धातूच्या ठोकळ्यावर बारीक नक्षी कोरतो. एकदा डाय तयार झाला, की त्यावर पत्रा ठोकून एकसारखे शेकडो नग काढता येतात. पण पहिला नग निघण्याआधी डाय बनवावाच लागतो. एकच नग हवा असेल तरीही.

छपाईचेही तेच होते. खिळे जुळवा, स्टेन्सिल कापा किंवा निगेटिव्ह बनवा, पण मूळ कागद आणि त्याची प्रत यांच्यामध्ये काहीतरी ‘साचा’ लागायचाच. हजार प्रतींना हे परवडते, एका प्रतीला नाही. शिवाय बहुतेक पद्धतींत ओली शाई किंवा ओली रसायने होती. कार्लसन यांना हवी होती बिनसाच्याची आणि बिनपाण्याची नक्कल.

फोटोग्राफीवर मोठ्या कंपन्या आधीच काम करत होत्या. रसायनांच्या वाटेने जाण्यात अर्थ नाही, हे पेटंटचे कागद वाचून वाचून त्यांना कळले होते. वाचनालयात त्यांनी वेगळाच विषय धरला. काही पदार्थांवर प्रकाश पडला की त्यांच्यातून वीज अधिक सहज वाहते. या गुणधर्माला प्रकाशवाहकता म्हणतात. हंगेरीचे शास्त्रज्ञ पाल सेलेन्यी यांचे स्थिर विद्युतवरचे कामही त्यांच्या वाचनात आले. प्रकाश आणि स्थिर विद्युत या दोन गोष्टी एकत्र आणायच्या, ही कल्पना इथे जन्मली. १८ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांनी पेटंटसाठी पहिला अर्ज केला. तोवर त्यांच्या हातून एकही प्रत निघालेली नव्हती.

पहिली झेरॉक्स कधी आणि कशी निघाली?

सुरुवातीचे प्रयोग त्यांनी भाड्याच्या घरातल्या स्वयंपाकघरात केले. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर द्यायचा, म्हणून ते शेगडीवर गंधक वितळवत. गंधकाचा वास घरभर आणि घराबाहेरही पसरायचा. शेवटी त्यांनी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात एक लहान खोली भाड्याने घेतली आणि ओट्टो कोर्नेई या ऑस्ट्रियातून आलेल्या बेरोजगार भौतिकशास्त्रज्ञाला मदतीला ठेवले.

२२ ऑक्टोबर १९३८, शनिवार. कोर्नेई यांनी काचेच्या पट्टीवर काळ्या शाईने त्या दिवसाची तारीख आणि अस्टोरिया हे नाव लिहिले. खोलीतले पडदे ओढून अंधार केला. गंधकाचा थर दिलेला पत्रा रुमालाने जोरजोरात घासला, म्हणजे त्यावर स्थिर विद्युत जमा झाली. त्यावर ती काच ठेवून काही सेकंद प्रखर दिवा लावला. काच काढून पत्र्यावर लायकोपोडियम नावाची बारीक भुकटी टाकली आणि हळूच फुंकर मारली. जिथे अक्षरे होती तिथेच भुकटी चिकटून राहिली. मग मेणकागद त्यावर दाबून, गरम करून ती अक्षरे कागदावर घेतली.

आज कोणत्याही दुकानात दोन-चार सेकंदांत होणारे काम तेव्हा रुमाल, फुंकर आणि मेणकागदावर झाले होते. जगातली ती पहिली झेरॉक्स. गंमत म्हणजे तेव्हा ‘झेरॉक्स’ हा शब्दच अस्तित्वात नव्हता. कार्लसन या पद्धतीला ‘इलेक्ट्रोफोटोग्राफी’ म्हणत.

नकार किती मिळाले?

कोर्नेई यांना या शोधाचे भवितव्य दिसेना. काही महिन्यांत त्यांनी दुसरी नोकरी धरली. १९३९ ते १९४४ या काळात कार्लसन कंपन्यांचे उंबरे झिजवत राहिले. आयबीएम, कोडॅक, जनरल इलेक्ट्रिक, आरसीए अशा बड्या नावांसह वीसपेक्षा जास्त कंपन्यांनी नकार दिला किंवा रस दाखवला नाही. कार्बन पेपर एवढा स्वस्त असताना असले यंत्र कोण घेणार, असा एकूण सूर होता. ६ ऑक्टोबर १९४२ रोजी पेटंट मंजूर झाले, पण ग्राहक नव्हता. या ओढाताणीत पैसा गेला आणि पहिले लग्नही मोडले.

१९४४ मध्ये ओहायोतील बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचा एक अभियंता दुसऱ्याच कामासाठी मॅलरी कंपनीत आला होता. बोलण्याच्या ओघात कार्लसन यांनी आपला शोध त्याच्यापुढे मांडला. बॅटेलने संशोधनाची जबाबदारी घेतली. मिळकतीतला ४० टक्के वाटा कार्लसन यांना देण्याचे ठरले. तिथल्या शास्त्रज्ञांनी गंधकाऐवजी सेलेनियम वापरले, रुमालाने घासण्याऐवजी बारीक तारेतून विद्युतभार देण्याची सोय केली आणि लायकोपोडियमच्या जागी काळी कोरडी पूड, म्हणजे आजचा टोनर तयार केला.

नंतर रॉचेस्टर शहरातील हॅलॉइड या फोटोपेपर बनवणाऱ्या लहान कंपनीने हे तंत्र वापरण्याचा परवाना घेतला. कोडॅकचे मुख्यालयही याच शहरात होते. कोडॅकच्या सावलीत चाचपडणाऱ्या हॅलॉइडला नवे काहीतरी हवेच होते. तिचे प्रमुख जोसेफ विल्सन यांनी कंपनीचे भवितव्य या एका शोधावर लावले.

मग ‘झेरॉक्स’ शब्द कसा तयार झाला?

‘इलेक्ट्रोफोटोग्राफी’ हे नाव बाजारात चालणार नाही, हे उघड होते. ओहायो स्टेट विद्यापीठातील प्राचीन ग्रीक-लॅटिनच्या एका प्राध्यापकाने ‘झेरोग्राफी’ हा शब्द सुचवला. ग्रीकमध्ये ‘झेरोस’ म्हणजे कोरडा आणि ‘ग्राफेन’ म्हणजे लिहिणे. म्हणजे झेरोग्राफीचा शब्दशः अर्थ ‘कोरडे लेखन’.

वरोरच्या किनाऱ्यावर हा फरक समजावून सांगायची गरज नाही. ओला बोंबील वेगळा आणि सुका बोंबील वेगळा, हे तिथे लहान मूलही सांगेल. ओल्या छपाईत शाई आणि रसायने वाळायची वाट पाहावी लागते. सुक्या छपाईत वाळवण्यासारखे काही नसतेच.

हॅलॉइडला यंत्रासाठी याहून छोटे नाव हवे होते. कोडॅक हे नाव ज्या अक्षराने सुरू होते त्याच अक्षराने संपते. त्याच धर्तीवर झेरोग्राफीतून ‘झेरॉक्स’ बनवले गेले. इंग्रजीत हा शब्द ‘एक्स’ या अक्षराने सुरू होतो आणि त्याच अक्षराने संपतो. मराठीत लिहिताना ही गंमत हरवते, कारण आपण पहिल्या ‘एक्स’चा ‘झ’ करतो आणि शेवटच्याचा ‘क्स’.

पहिल्या प्रतीला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, २२ ऑक्टोबर १९४८ रोजी, हे तंत्र जगासमोर जाहीर झाले. १९४९ मध्ये पहिले यंत्र आले, पण त्यात एका प्रतीसाठी हाताने तब्बल ३९ टप्पे करावे लागत. सामान्य कचेरीत ते चालण्यासारखे नव्हते. आणखी दहा वर्षे गेली.

यंत्र कसे चालते?

केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो, हे सगळ्यांनी शाळेत केलेले असते. झेरॉक्स यंत्राचा आत्मा तोच आहे.

१. यंत्रात एक गुळगुळीत ड्रम असतो. अंधारात त्यावर स्थिर विद्युतभार दिला जातो.

२. मूळ कागदावर प्रकाश टाकला जातो. कागदाचा पांढरा भाग प्रकाश ड्रमकडे परावर्तित करतो. काळी अक्षरे करत नाहीत.

३. ड्रमवर जिथे प्रकाश पडतो तिथला विद्युतभार निघून जातो. अक्षरांच्या जागी तो तसाच राहतो. म्हणजे डोळ्यांना न दिसणारी विजेची अक्षरे तयार होतात.

४. विरुद्ध विद्युतभार असलेली टोनरची पूड त्या अक्षरांना चिकटते.

५. कोऱ्या कागदाला विद्युतभार देऊन ती पूड ड्रमवरून कागदावर ओढून घेतली जाते.

६. शेवटी गरम रोलरखाली पूड वितळून कागदात पक्की बसते.

म्हणूनच नुकतीच काढलेली झेरॉक्स हाताला गरम लागते. आताच्या डिजिटल यंत्रांत मूळ कागद आधी स्कॅन होतो आणि ड्रमवर लेझरने अक्षरे उमटतात, पण पुढचे टप्पे तेच आहेत. लेझर प्रिंटरही याच तत्त्वावर चालतो. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या दुकानांत कागद वारंवार अडकतो, त्यामागेही हेच आहे. दमट कागदावर विद्युतभार नीट टिकत नाही आणि तो गरम रोलरखाली वाकडा होतो. नावच ‘कोरडे’ असलेल्या यंत्राला ओलावा मानवत नाही.

नशीब कधी पालटले?

१६ सप्टेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात ‘९१४’ हे यंत्र दाखवण्यात आले. ९ गुणिले १४ इंचांपर्यंतच्या कागदाची प्रत काढता येते, म्हणून ९१४. वजन सुमारे ३०० किलो. प्रात्यक्षिकात दोन यंत्रे होती आणि त्यातल्या एकाने पेट घेतला. सुदैवाने दुसरे नीट चालले. पुढेही कागद तापून जळण्याचे प्रकार होत, म्हणून यंत्रासोबत छोटे अग्निशामक दिले जाई. ग्राहक घाबरू नयेत म्हणून त्यालाही सौम्य नाव दिलेले होते.

या यंत्राची किंमत कचेऱ्यांना परवडणारी नव्हती. त्यावर विल्सन यांनी तोडगा काढला. यंत्र विकायचे नाही, महिन्याला ९५ डॉलर भाड्याने द्यायचे. पहिल्या २ हजार प्रती त्या भाड्यात आणि पुढच्या प्रत्येक प्रतीला काही सेंट. लोकांच्या हातात बटण आले आणि त्यांनी इतक्या प्रती काढायला सुरुवात केली, की २ हजारांची मर्यादा अनेक कचेऱ्यांत कुठल्या कुठे मागे पडली. अशा यंत्राला फारशी मागणी नसेल, हे तज्ज्ञांचे अंदाज फोल ठरले. १९६१ मध्ये कंपनीने स्वतःचे नावच ‘झेरॉक्स कॉर्पोरेशन’ केले.

प्रत्येक प्रतीमागे सेंटचा एक बारीकसा अंश कार्लसन यांना मिळत होता. प्रती कोट्यवधी निघाल्या आणि ते अमेरिकेतल्या सर्वात श्रीमंत माणसांच्या यादीत जाऊन बसले. अर्ध्यावर साथ सोडून गेलेल्या कोर्नेई यांना ते विसरले नव्हते. त्यांनी आपण होऊन कंपनीचे शंभर शेअर त्यांना भेट दिले.

एवढ्या पैशांचे त्यांनी काय केले?

श्रीमंतीनंतरही कार्लसन यांची राहणी साधीच राहिली. अंदाजे १५ कोटी डॉलरच्या संपत्तीपैकी सुमारे १० कोटी डॉलर त्यांनी हयातीत दान केले. बहुतेक देणग्या नाव जाहीर न करण्याच्या अटीवर दिल्या. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे काम, जागतिक शांततेसाठी झटणाऱ्या संस्था, शिक्षण आणि संशोधन अशी त्यांच्या दानाची क्षेत्रे होती. गोऱ्यांच्या वस्तीत कृष्णवर्णीयांना घर नाकारले जाई, तेव्हा त्यांनी इमारती विकत घेऊन तिथे दोघांनाही राहता येईल अशी सोय केली.

१९४६ मध्ये डॉरिस यांच्याशी त्यांचे दुसरे लग्न झाले होते. डॉरिस यांच्यामुळे ते वेदान्त आणि झेन बौद्ध विचारांकडे वळले. ध्यानासाठी त्यांनी घराचे दार लोकांना मोकळे केले. याच ओढीतून त्यांच्या पैशाचा एक धागा पुढे महाराष्ट्रापर्यंत आला. व्हर्जिनिया विद्यापीठात पुनर्जन्माच्या दाव्यांचा अभ्यास करणारे मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांना त्यांनी मोठी मदत केली आणि मृत्युपत्रात विद्यापीठासाठी १० लाख डॉलर ठेवले. स्टीव्हन्सन यांनी पुढे अभ्यासलेल्या गाजलेल्या प्रकरणांत नागपूरच्या एका मराठी शिक्षित महिलेचे प्रकरण होते. काही काळ त्या मराठी सोडून फक्त बंगाली बोलू लागत, असे हे प्रकरण. स्टीव्हन्सन यांचे निष्कर्ष बहुतांश शास्त्रज्ञांनी स्वीकारले नाहीत, हेही सांगायला हवे.

१९ सप्टेंबर १९६८ रोजी न्यूयॉर्कमध्ये असताना मोकळा वेळ होता म्हणून कार्लसन एका चित्रपटगृहात गेले. तिथेच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा मृत्यू झाला. ते ६२ वर्षांचे होते. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस यू थांट यांनी त्यांना आदरांजली वाहिली. आपण वापरतो त्या शब्दात मात्र त्यांचे नाव कुठेच नाही.

‘झेरॉक्स’ मराठी कशी झाली?

भारतात १९८३ मध्ये मोदी उद्योगसमूहासोबतच्या भागीदारीत ‘मोदी झेरॉक्स’ कंपनी उभी राहिली आणि उत्तर प्रदेशातील रामपूरला यंत्रे बनू लागली. त्यानंतर कॉलेज, कोर्ट आणि तहसील कार्यालयांभोवती झेरॉक्सची दुकाने दिसू लागली. टाइपरायटर आणि सायक्लोस्टाइल हळूहळू मागे पडले.

मराठीने हा शब्द नुसता घेतला नाही, त्याला व्याकरणही दिले. आपण ‘तो झेरॉक्स’ म्हणत नाही, ‘ती झेरॉक्स’ म्हणतो. प्रत, नक्कल, कॉपी हे शब्द स्त्रीलिंगी आहेत, म्हणून त्यांच्या जागी आलेली झेरॉक्सही स्त्रीलिंगी झाली. ती ‘काढली’ जाते किंवा ‘मारली’ जाते. मुलगा हुबेहूब वडिलांसारखा दिसला की तो बापाची झेरॉक्स ठरतो.

कंपनीला हे फारसे आवडत नाही. एखादे नाव सर्वांचेच झाले, की त्यावरचा मालकी हक्क जाऊ शकतो. ‘एस्कलेटर’ हे एकेकाळी एका कंपनीचे खास नाव होते, अमेरिकेत तो हक्क गेला. म्हणूनच आमचे नाव क्रियापदासारखे वापरू नका, फोटोकॉपी म्हणा, अशा जाहिराती झेरॉक्स कंपनीने वर्षानुवर्षे केल्या आहेत. लोकांनी ऐकले नाही.

झेरॉक्सला कायद्यात किंमत किती?

झेरॉक्स म्हणजे मूळ कागद नव्हे. न्यायालयात मूळ दस्तऐवज हा प्राथमिक पुरावा आणि यंत्राने काढलेली प्रत हा दुय्यम पुरावा मानला जातो. जी प्रत खरी असल्याचे संबंधित कार्यालय सही-शिक्क्याने सांगते, ती प्रमाणित प्रत. साध्या झेरॉक्सपेक्षा तिचे वजन जास्त. महाराष्ट्रात २०१५ पासून बऱ्याच शासकीय कामांसाठी राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीऐवजी अर्जदाराचे स्वतःचे साक्षांकन चालते. म्हणजे झेरॉक्सवर आपलीच सही. ती खोटी निघाली तर जबाबदारीही आपलीच.

माहिती अधिकार कायद्यात नोंदी पाहण्याचाच नाही, तर त्यांच्या प्रती घेण्याचाही हक्क आहे. साध्या आकाराच्या पानाला शुल्क आहे २ रुपये.

या दोन रुपयांचे मोल डहाणू-तलासरीत नीट कळते. अनुसूचित जमातीचा दाखला आणि त्याच्या पडताळणीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो, मग आजोबांच्या शाळेच्या दाखल्याचा शोध सुरू होतो. वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. वरोरला लागून असलेल्या वाढवणच्या समुद्रात ७६ हजार २२० कोटी रुपयांच्या बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. अशा प्रकल्पाच्या बाजूने बोलायचे असो वा विरोधात, हरकत घ्यायची असो वा भरपाई मागायची, प्रत्येक गोष्ट कागदावरच सिद्ध करावी लागते. मूळ कागद कार्यालयात जमा झाला आणि आपल्याकडे त्याची प्रत नसेल, तर आपण काय दिले होते हेही सांगता येत नाही.

काय काळजी घ्यावी?

कोणताही अर्ज देण्याआधी त्याची झेरॉक्स काढा आणि आपल्या प्रतीवर पोहोच, म्हणजे तारीख, सही आणि शिक्का घ्या. आधारची झेरॉक्स देताना ती कशासाठी दिली आहे ते त्यावरच लिहून सही करा, म्हणजे दुसरीकडे वापरणे अवघड जाते. शक्य असेल तिथे पहिले आठ अंक झाकलेले ‘मास्क्ड आधार’ द्या. मूळ कागद आणि झेरॉक्स एकाच पिशवीत ठेवू नका. घरात पाणी शिरले तर दोन्ही एकदम जातात. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलात तर आणखी उत्तम.

पुस्तक घ्यायला पैसे नव्हते म्हणून एक अधू डोळ्यांचा माणूस आखडलेल्या हाताने वाचनालयात पाने उतरवून घेत बसायचा. त्याच्या त्या त्रासातून निघालेले यंत्र आज प्रत्येक तहसील कार्यालयाबाहेर उभे आहे. पुढच्या वेळी दुकानदार हातात गरम कागद देईल, तेव्हा तो पिशवीत टाकण्याआधी एकदा नीट वाचून पाहा. एखादी ओळ किंवा शिक्का पुसट आला असेल, तर तिथेच दुसरी काढून घ्या.